लेंटमध्ये मटण सुटतं, बिअर सुटते. फोनमधल्या मोहाचं काय करायचं?

बावखल (23 फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी कॉलेजच्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. यंदा 17 फेब्रुवारीच्या मंगळवारी शेअर बाजारात निफ्टीची एक्स्पायरी (करारांची मुदत संपायचा दिवस) होती आणि दुसऱ्याच दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, पहिला दिवस. मला बाजारातलं ओ की ठो कळत नाही, हा योग वर्गातल्या एका मुलाने लक्षात आणून दिला.

काल लेंटचा पहिला रविवार. शुभवर्तमान मत्तयचं, चौथा अध्याय, अरण्यातली परीक्षा. मिस्सानंतर वर्गात नेहमीचा प्रश्न टाकला, या चाळीस दिवसांत काय सोडणार? उत्तरंही नेहमीचीच आली. मटण, बिअर, गोड, इन्स्टाग्राम. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, ऑप्शन ट्रेडिंग यात येतं का?" (ऑप्शन म्हणजे निफ्टीचा किंवा एखाद्या शेअरचा भाव ठरावीक मुदतीत वर जाईल की खाली, यावर पैसे लावायचे करार.) वर्ग हसला. तो हसला नाही. पुढच्या रविवारी बोलू, असं त्याला सांगितलं आहे.

माझ्या मनात घोळतंय ते असं. मटण आणि दारू सोडायला आपल्याला फारसं लढावं लागत नाही. सगळं गावच सोडतं. लेंटमध्ये आपल्याकडे सहसा लग्नं लागत नाहीत, म्हणजे मांडव नाही आणि मांडवातली बाटलीही नाही. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला अख्खी आळी असते. पण फोनमधल्या गोष्टीला गावाने अजून मोह म्हटलेलंच नाही. उलट पोरगा मार्केटमध्ये आहे म्हटलं की सोयरिकीत वजन वाढतं. गेल्या वर्षी पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले, तेव्हा क्रिकेटच्या टीम लावणारी माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं सरळ ऑप्शनकडे वळली. हे तर कायदेशीर आहे.

आता पापाचा प्रश्न. प्रत्येक पैज म्हणजे पाप, असं कॅथलिक चर्च म्हणत नाही. कॅटेकिझमचा (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा) परिच्छेद 2413 सांगतो की नशिबाचे खेळ आणि पैजा मुळात न्यायाविरुद्ध नाहीत. स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते अमान्य, आणि त्यांची ओढ माणसाला गुलाम करू शकते. एवढं वाचून दाखवलं तर पोरगं म्हणेल, सर, मी पगारातले उरलेलेच लावतो.

तर काय सांगू? 'प्रार्थना कर' हे मी सांगणारच आहे. त्याच्या पुढचं लिहा.

पापलेट_फ्राय

आमच्याकडे शुक्रवारी मटण बंद म्हणून पापलेट, कोळंबी, वर तळलेले बोंबील. त्यामुळे त्यागाच्या विषयावर माझं मत कोणी मनावर घेऊ नये. पण त्या पोराला माझ्यातर्फे चहा पाजा. अख्ख्या वर्गात खरं तो एकटाच बोलला.

काळी_माती

मी अहिल्यानगरचा, प्रॉटेस्टंट. आमच्या मंडळीत राख लावत नाहीत आणि कोणी काय सोडलं याची चौकशीही होत नाही. पण मत्तय 4 निघालाच आहे तर थोडं लिहितो.

चौथा अध्याय तिसऱ्याच्या शेवटापासून वाचा. यार्देनेत बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. लगेच अरण्य. आणि सैतानाचं पहिलं वाक्य काय? "तू देवाचा पुत्र असलास तर." चाळीस दिवसांच्या उपाश्याने भाकर खाल्ली तर त्यात वाईट काय? भाकरीचं फक्त निमित्त. पित्याने नुकतंच जे सांगितलं ते आता तू सिद्ध करून दाखव, हा खरा मोह. पंचविशीतल्या पोराला फोन दिवसभर हेच म्हणत असतो. मित्राने गाडी घेतली, चुलतभावाने नालासोपाऱ्यात दुसरा फ्लॅट घेतला, तू कोण?

मत्तयमधली दुसरी परीक्षा मंदिराच्या शिखरावरची. उडी टाक, देवदूत झेलतील. इथे सैतान स्तोत्र 91 पाठ म्हणून दाखवतो, हे विसरू नका. वचन तोंडी असणं म्हणजे विश्वास असणं नव्हे. प्रभू जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून उत्तर देतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नको. (तिन्ही उत्तरं अनुवादातलीच आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. म्हणजे पाठांतराचाही उपयोग आहे, फक्त ते आधी झालेलं असावं लागतं.) सकाळी सव्वानऊच्या आत 'प्रभू, आजचा दिवस सांभाळ' म्हणून कॉल (भाव वाढेल यावरचा ऑप्शन) घेणारे विश्वासणारे मला माहीत आहेत. उडी आपण ठरवायची, झेलायचं देवाने. मला ती प्रार्थना शिखरावरची वाटते.

आणि लूकने शेवटी लिहिलंय की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत! चाळीस दिवस संपले म्हणजे सुटलो, असं खुद्द प्रभूच्या बाबतीतही झालं नाही.

थीटा

धाग्यात ट्रेडिंग करणारा एक तरी माणूस हवा म्हणून लिहितो. मी ऑप्शन विकतो. हा माझा व्यवसाय आहे, कर भरतो, चर्चला दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देतो. सेबीच्या, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसणारं काम आहे. निर्यातदार डॉलरची जोखीम अशाच करारांनी झाकतात. त्याला दारूच्या आणि जुगाराच्या रांगेत बसवणं म्हणजे न कळणाऱ्या गोष्टीला पाप म्हणून मोकळं होणं.

मत्तयचाच 25वा अध्याय काढा. पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला धनी दुष्ट आणि आळशी म्हणतो, निदान सावकाराकडे ठेवून व्याज तरी आणायचं होतंस म्हणतो. व्यापार करणाऱ्या दोघांना शाबासकी. जोखीम घेणं पाप असतं तर हा दाखला शुभवर्तमानात नसता.

आकडेमोड

थीटा, व्यवसाय आहे हे मान्य. पण सप्टेंबर 2024 मधला सेबीचा अभ्यास सांगतो की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर. मग नियम आवळले, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या, कॉन्ट्रॅक्टची किंमत वाढवली. तरी 2024-25 मध्ये तोट्यातले 91 टक्के आणि तोटा 1.05 लाख कोटींच्या घरात.

तुम्ही उरलेल्यांत असाल तर आनंद आहे. पण ऑप्शन विकणाऱ्याला मिळणारा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) कोणीतरी भरतो, आणि बरेचदा तो बावखलांच्या वर्गातल्या मागच्या बाकावरचा असतो. तुमच्यावर आरोप नाही. बाजाराची रचनाच तशी आहे.

सुकेळी

सगळे दाखले वाचले. आता माझ्या घरातलं सांगते.

माझा नवरा दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, रविवारची मिस्सा चुकवत नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायच्या, आमच्या पोराला कसलं व्यसन नाही. म्हणूनच कुणाला काही दिसलं नाही. पिणाऱ्याचा वास येतो, चाल बदलते, शेजारी चार गोष्टी बोलतात. याचं काय दिसणार? माणूस सोफ्यावर बसून फोन बघतोय. घरोघरी हेच.

मला पैशावरून नाही कळलं. बाजार साडेतीनला बंद होतो, पण रात्री जेवतानाही हा तिथेच असायचा. मुलगी वही दाखवायला आली की "थांब गं" म्हणायचा, आणि हातात तर काही नसायचं. मग बाथरूममध्ये फोन न्यायला लागला. मग माझ्या पाटल्या पॉलिशला दिल्या म्हणाला. त्या गहाण होत्या.

मी एका धर्मगुरूंकडे गेले. म्हणाले, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करा. केली. मी प्रार्थना करत होते आणि हा ट्रेड करत होता. नोव्हेनाला नावं ठेवत नाही, माझं मन त्याच काळात टिकलं. पण प्रार्थनाही मी एकटीने करायची आणि त्याचं गुपितही मीच सांभाळायचं, असं चाललं होतं. पुढे दुसरे एक फादर भेटले. ते म्हणाले, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांग, आणि नवऱ्याच्या पाठीमागे नको, त्याच्या समोर सांग. मी मोठ्या दिरांना बोलावलं. चहा केला. सांगितलं. नवरा इतका चिडला की ताटावरून उठून वाडीत जाऊन बसला. दीर त्याच्या मागे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही.

लगेच सुटलं का? नाही. मध्ये परत गेलाच. पण आता पगार माझ्या खात्यात येतो, ब्रोकरकडे एफ अँड ओचा सेगमेंटच (खात्यातला तो विभागच) बंद करून घेतलाय, आणि महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट दिरांसमोर असतं. त्याला अपमान वाटतो. बोलून दाखवतो. दाखवू दे.

थीटा, तुमच्या दाखल्यातल्या दासांनी धनी आल्यावर हिशेब समोर मांडला होता. तुमच्या बायकोला या महिन्याचा हिशेब माहीत आहे का? टोमणा नाही, खरंच विचारते.

थीटा

माहीत आहे. ती सीए आहे, माझं रिटर्न तीच भरते आणि एका दिवसाला किती तोटा सोसायचा हा आकडाही तिनेच ठरवून दिलाय. त्यामुळे तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. माझाही कायम आहे: सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

मांडवीकाठ

सुकेळीताई, ते दुसरे फादर येशूसंघीय होते काय? विचारतो, कारण त्यांनी सांगितलं ते येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांतलं आहे. साडेचारशेहून जास्त वर्षं झाली छापून, 1548 साली. त्यात तो म्हणतो की शत्रू खोट्या प्रियकरासारखा वागतो. चांगल्या घरातल्या मुलीला किंवा बायकोला नादी लावताना त्याची एकच अट असते, बापाला किंवा नवऱ्याला कळू द्यायचं नाही. तिने सांगितलं की त्याचा डाव संपला. म्हणून मोह जाणत्या माणसापुढे उघड करा, पापनिवेदनात किंवा बाहेर. मला या संताची ही गोष्ट आवडते. तो मुळात सैनिक, त्यामुळे मोहाकडे तो हळहळत बघत नाही, समोरचा कुठून येणार हे बघतो. पुढच्याच नियमात आहे की सेनापती किल्ल्याची सर्वांत कच्ची बाजू शोधून तिथूनच चढतो. तुमच्या नवऱ्याची कच्ची बाजू दारू नव्हतीच, मग तिथे पहारा ठेवून काय उपयोग?

आमच्या गोव्याचं एक सांगतो. 2020 च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. पर्यटकांनी खेळावं, आपल्या माणसांनी नको. भाबडेपणा म्हणा, पण निदान सरकारने मान्य केलं की दारात जुगार असला की घर बुडतं. आता मांडवीतल्या बोटीवर जायची गरजच उरली नाही.

कट्टावाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा सोडवत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात साखळी आहे: विषयांचं ध्यान, त्यातून आसक्ती, त्यातून काम, क्रोध, संमोह आणि शेवटी नाश. तुमच्याकडे असं काही आहे का? आणि मोह मनात येणं हेच पाप धरतात का?

काळी_माती

आहे की. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. तुमच्या साखळीजवळच जातं.

दुसऱ्याचं उत्तर, नाही. इब्री लोकांस पत्र म्हणतं की ख्रिस्ताची सर्व प्रकारे आपल्यासारखीच परीक्षा झाली, पण तो निष्पाप राहिला. मोह येणं पाप असतं तर हे वाक्यच लिहिता आलं नसतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रिअसनेही हेच लिहून ठेवलंय: विचार येतात की नाही हे आपल्या हातात नाही, ते मुक्काम करतात की नाही हे आहे.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. याकोब म्हणतो सैतानाला अडवा, तो पळून जाईल. पौल म्हणतो तुम्ही पळा. योसेफ पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला, तिथे थांबून तिला शास्त्र समजावत बसला नाही. मग कधी उभं राहायचं आणि कधी पळायचं? तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, द्रव्याच्या लोभाचं ते प्रसिद्ध वचन आहे ना, त्याच्या पुढच्याच वचनात 'ह्यांपासून पळ' असं आहे. पैशाच्या बाबतीत पौलाने उभं राहून लढायला सांगितलेलंच नाही. अ‍ॅप फोनमध्ये ठेवून 'मी उघडणार नाही' म्हणणारा पोरगा माझ्या मते फुकटची मर्दुमकी करतोय.

आकडेमोड

पळायची सोय आहे. काही ब्रोकरांच्या अ‍ॅपमध्ये किल स्विच असतो. दाबला की तो सेगमेंट निदान बारा तास उघडत नाही. सुकेळी म्हणतात तसं सेगमेंट बंदच करून घेणं जास्त पक्कं. परत चालू करायला कागदपत्रं लागू शकतात, तेवढ्यात डोकं थंड होतं.

दिवाणखाना

मी समुपदेशक आहे, ख्रिस्तीच आहे, म्हणून दोन्हीकडून बोलते. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला मान्य विकार आहे. तोटा भरून काढायला आणखी लावणं, खोटं बोलणं, चिडचिड, झोप उडणं, कर्ज, हे दिसलं तर विषय लेंटच्या निश्चयापुरता राहत नाही. अशा माणसाला 'तुझा विश्वास कमी पडला' असं सांगू नका. लाजेने तो आणखी लपवतो, आणि कर्जाच्या टोकाला आलेल्या माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पापनिवेदन आणि उपचार यांत भांडण नाही, दोन्ही करा.

लेग्ज_इलेव्हन

सगळं पटलं. पण मंडळी, चर्चच्या सणाला दर वर्षी हाउजी (तंबोला) कोण खेळवतं? फुल हाउसला रोख रक्कम, स्टेजवर माइक धरून नंबर पुकारणारा मीच. अर्धी आळी तिकिटं घेऊन बसलेली असते, सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा. एका रविवारी स्टेजवर रोखीचं बक्षीस आणि दुसऱ्या रविवारी वर्गात ऑप्शनवर प्रवचन, हे त्या मागच्या बाकावरच्याने विचारलं तर बावखलसर काय सांगणार?

पापलेट_फ्राय

धाग्याचा खरा विषय निघाला. खुर्ची ओढून बसलोय.

सुकेळी

माझा नवरा हाउजीही खेळायचा आणि त्याचं काही बिघडलं नाही. वीस रुपयांचं तिकीट, सगळ्यांच्या समोर, तासाभरात संपतं, आणि हरलेला माणूस शेजारच्याला चिडवत घरी जातो. बाथरूमची कडी लावून कुणी हाउजी खेळत नाही. तरी लहान पोरांना तिकिटं देऊ नका, हे मात्र म्हणेन.

काळी_माती

इथे मी वेगळा. आमच्या मंडळीत लॉटरीचं तिकीटसुद्धा चालत नाही आणि मला ते बरोबर वाटतं. चर्चच्या निधीसाठी तर नकोच नको. तुमचा परिच्छेद 2413 मी वाचला, समजला, पटला नाही.

बावखल (2 मार्च)

सगळ्यांचे आभार. काल वर्ग झाला.

हाउजीचा प्रश्न आलाच, आणि त्याने नाही, पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारला. मी सुकेळीताईंचं उत्तर दिलं आणि काळी_माती यांचंही सांगितलं. वर्ग दोन तट पडून भांडला, मला बरं वाटलं.

त्याला मी पाप आहे की नाही हे सांगितलंच नाही. वर्ग सुटल्यावर बाहेर विचारलं, घरी कुणाला माहीत आहे? म्हणाला, बहिणीला थोडं. किती थोडं? यावर बराच वेळ चपलेने माती उकरत होता. उरलेल्या पगारातलेच लावतो हे खरं नव्हतं, एक छोटं कर्ज अ‍ॅपवरून घेतलेलं आहे. आकडा इथे लिहीत नाही. बहिणीला पूर्ण सांगायचं त्याने कबूल केलंय, सोबत मी येऊ का विचारलं तर नको म्हणाला. दिवाणखाना यांनी दिलेला नंबर त्याला दिलाय. सेगमेंट बंद करायचा अर्ज त्याने माझ्यासमोरच केला. मला त्यातलं काही दिसत नव्हतं, चष्मा नव्हता.

मग त्याने विचारलं, ईस्टरनंतर सोमवारी बाजार उघडणार, तेव्हा काय? मी त्याला मत्तयचा बारावा अध्याय दाखवला, अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडलेलं पण रिकामं असतं, आणि तो आपल्याहून वाईट सात जणांना घेऊन परत येतो. तो म्हणाला, म्हणजे सर, मला कामाला लावणार. लावलंय. शनिवारी सकाळी आमचा गट घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जातो, औषधं, बँकेचं काम, लाइटचं बिल. फोनवरची कामं त्याला आमच्यापेक्षा बरी जमतात. म्हाताऱ्यांच्या बँकेच्या अ‍ॅपवर याला बसवायचं की नाही यावर माझा नि गटातल्या सिस्टरांचा वाद झाला. सध्या पैशाच्या कामाला सोबत दुसरं कोणीतरी असेल असं ठरलंय. हे त्याला सांगितलं, त्याने मान हलवली.

लेग्ज_इलेव्हन

सणाच्या समितीत काल मीही विषय काढला. शेवटी ठरलं: रोख बक्षीस बंद, त्याऐवजी भांडी आणि एक मिक्सर. सोळा वर्षांखाली तिकीट नाही. तिकीट वीस रुपयेच. दोघे-तिघे नाराज आहेत, म्हणतात मिक्सरसाठी कोण बसणार.

थीटा

एका माणसाला जास्तीत जास्त किती तिकिटं, तेही लिहून ठेवा. मर्यादा नसली की मिक्सरसाठीसुद्धा लोक दोनशेची तिकिटं घेतात.

लेग्ज_इलेव्हन

तीन ठेवतो. तुमच्या मिसेसना विचारून सांगा, बरोबर आहे का.